मागच्या रेघेपासून दोन हात

पुलापलीकडच्या हॉलशी होणाऱ्या बॅडमिंटनच्या सामन्यातून मोजणीदारांना मिळण्यासारखं फार काही नव्हतं. दाराजवळच्या फळ्यावर खडूनं लिहिलेलं स्वतःचं नाव, तेही फरशी पुसताना उडणाऱ्या पाण्यानं दोन दिवसांत जाणारं. ‘आता कॅरम खेळा’ असं सांगणाऱ्या डॉक्टरांना फोन करून सहज म्हणून कळवायची संधी. आणि मेव्हण्यासमोर उरलेलं आयुष्य पुरेल असा एक मुद्दा. एवढ्या तीन गोष्टींसाठी सदुसष्ट वर्षांचा हा गृहस्थ रोज सकाळी पावणेसहाला बुटांच्या नाड्या बांधून हॉलच्या दारात उभा असायचा, किल्ली आणणाऱ्याच्याही आधी.

गमावण्यासारखं मात्र बरंच होतं, आणि ते एकट्या मोजणीदारांना सोडून हॉलमधल्या सगळ्यांना माहीत होतं.

मोजणीदार म्हणजे जमीनमोजणी खात्यातून निवृत्त झालेले. चाळीस वर्षं त्यांनी लोकांच्या हद्दी ठरवल्या, भावाभावांच्या मध्ये दगड पुरले आणि दोन्हीकडच्या शिव्या खाल्ल्या. कुणाच्याही घरी गेले की बसायच्या आधी खोलीची रुंदी सांगायचे. यजमानानं ‘नाही हो, जास्त आहे’ म्हटलं की खिशातून टेप बाहेर. टेप त्यांच्या खिशात असायचीच, इतरांच्या खिशात रुमाल असतो तशी.

अडीच वर्षांपूर्वी त्यांची बायपास झाली. सहा महिन्यांनी डॉक्टरांनी नाइलाजानं परवानगी दिली: दुहेरीतच, हळू, आणि मागे धावायचं नाही. पहिल्या दिवशी आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवून स्वागत केलं. नंतर पाऊण तास त्यांना खेळताना पाहिलं आणि टाळ्या वाजवल्या त्याची लाज वाटली. डोक्यावरून मागच्या रेघेकडे जाणाऱ्या बारा फटक्यांपैकी अकरा त्यांनी नुसते जाताना पाहिले. बाराव्याला ते दोन पावलं मागे गेले आणि छातीवर हात ठेवून थांबले. मग बाकावर बसून त्यांनी रॅकेट कव्हरमध्ये घातली, चेन शेवटपर्यंत ओढली आणि कुणाकडे न बघता म्हणाले, “हे आता माळ्यावर.”

त्यानंतर तीन आठवडे ते घराच्या खिडकीत बसून होते. बसून काय करायचे, तर काहीच नाही. समोरच्या इमारतीची गच्ची किती फूट असेल तेसुद्धा सांगेनात. त्यांच्या बायकोला, म्हणजे ताईंना, भीती वाटली ती याच गोष्टीची.

ताईंचा धाकटा भाऊ म्हणजे आमच्या हॉलचे मामा. ताईंची मुलगी लहानपणी हॉलमध्ये येऊन त्यांना मामा म्हणायची, तेव्हापासून सगळा हॉलच त्यांचा भाचा झाला. मामांनी आयुष्यभर दातांच्या दवाखान्यांसाठी कवळ्या बनवल्या. खेळता येत नाही, पण सकाळी उठून कुठेतरी जायचं तर असतं, म्हणून ते हॉलमध्ये येऊ लागले, आणि हळूहळू फुलांचं सगळं काम त्यांच्याकडे गेलं. शटल हा शब्द आमच्याकडे फक्त पावतीवर असतो, तोंडात फूलच.

पिसाच्या फुलाची तब्येत सांभाळावी लागते हे आम्हाला मामांमुळे कळलं. कोरड्या हवेत पिसं कडक होतात आणि दोन जोरदार फटक्यांत काडीसारखी मोडतात. म्हणून खेळायच्या आदल्या संध्याकाळी हॉलमागच्या चहाच्या खोलीत मामा किटली ठेवायचे. बारा फुलांच्या लांब नळीची झाकणं काढायची, पिसांची बाजू वाफेवर धरायची आणि मनात दहा म्हणायचे. फुलाच्या टोकाच्या बुचाला वाफ लागू द्यायची नाही, बूच ओलं झालं की फूल जड. दहाचे वीस झाले तर पिसं शिजलेल्या भाजीसारखी माना टाकतात. मग झाकणं लावून नळी सकाळपर्यंत फळीवर उभी. उन्हाळ्यात झाकणाच्या आतून ओल्या स्पंजचा नखाएवढा तुकडा.

खेळून झालेली फुलंही ते फेकू द्यायचे नाहीत. चांगली एका डब्यात, सरावाची दुसऱ्यात, आणि ज्यांची तीनचार पिसं गेली आहेत ती तिसऱ्यात. या तिसऱ्या डब्यावर त्यांनी ‘देहदान’ अशी चिठ्ठी चिकटवली होती. एखाद्या बऱ्या फुलाचं एकच पीस मोडलं असेल तर ते चिमट्यानं उपटून या डब्यातलं दुसरं बसवायचं, दोऱ्याच्या दोन वेढ्यांना डिंकाचा थेंब लावायचा. त्यातही मेख अशी, की डाव्या पंखाचं पीस एकीकडे झुकतं आणि उजव्याचं दुसरीकडे. एका फुलात सोळाच्या सोळा पिसं एकाच बाजूच्या पंखाची लागतात, नाहीतर फूल हवेत झिंगल्यासारखं चालतं. निसर्गानं एका जबड्यात सोळा दात दिले आणि फुलातही पिसं सोळाच, यात मामांना कुणीतरी ठरवून केल्यासारखं वाटायचं. मोजणीदार नव्या सभासदाला ओळख करून देताना म्हणायचे, “आमच्या मेव्हण्यापासून जपून. हातात चिमटा असला की तो आधी तोंड उघडायला सांगतो.” हे सांगणाऱ्याच्या तोंडात वरची कवळी मामांनीच केलेली होती, आणि ती इतकी बेमालूम होती की हा विनोद करताना ते मोकळेपणानं हसू शकत.

तर तीन आठवड्यांनंतर एका संध्याकाळी ताई चहाच्या खोलीत आल्या. मामा किटलीपाशी होते. ताई बसल्यासुद्धा नाहीत.

“ह्यांना खेळव,” त्या म्हणाल्या. “पण मागे धावायला लावू नकोस.”

“ताई, कोर्ट काय माझ्या बापाचं आहे? त्याची लांबी ठरलेली असते.”

“आपल्या दोघांचा बाप एकच होता,” ताई म्हणाल्या. “त्याला काहीतरी सुचलं असतं.” आणि निघून गेल्या.

मामांना सुचायला चार दिवस लागले. पिसांची टोकं किंचित बाहेर वळवली की फूल हवेला जास्त अडतं आणि लवकर खाली येतं. फार वेगानं जाणारं फूल ताळ्यावर आणायला खेळाडू कधीकधी असं करतात. मामांनी सोळांतली एक सोडून एक अशी आठ टोकं चिमट्यानं वळवली, कपाच्या कडेइतकी, सगळी एकाच उंचीवर. तोफेला बोलावलं आणि मारायला सांगितलं. तोफ म्हणजे आमचा लिफ्ट दुरुस्त करणारा मेकॅनिक. स्मॅश मारायचा तेव्हा शेजारच्या कोर्टावरचे लोक दचकायचे, म्हणून हे नाव. तोफेनं जीव खाऊन फटका मारला आणि फूल मागच्या रेघेच्या बरंच अलीकडे पडलं. नेहमीपेक्षा दोन हात कमी.

मामा खूश झाले. मागच्या रेघेपर्यंत कुणाचंच फूल पोचणार नसेल, तर तिथपर्यंत मागे जायची गरज कुणालाच नाही. कोर्ट तेवढंच राहिलं, पण त्यातला मागचा दोन हातांचा पट्टा पडीक झाला.

त्या नळ्यांच्या झाकणांवर मामांनी पेन्सिलीनं एक छोटासा दात काढला, म्हणजे ओळखायला सोपं. मोजणीदार खेळत असतील त्या कोर्टावर दातवाली नळी, एवढाच नियम. तो कुणी सांगितला नाही आणि कुणी मोडला नाही. मोजणीदारांनी दाताबद्दल विचारलं तेव्हा मामा म्हणाले, “धंद्याची खूण आहे, भाऊजी. कारागिराला तेवढा गर्व असू द्या.” मोजणीदारांना ते पटलं. दुसऱ्याचा गर्व त्यांना नेहमीच लगेच पटायचा, त्यामुळे स्वतःच्या गर्वाला जोडीदार मिळायचा.

त्यांचा खेळ परत आला. नुसता आला नाही, फुलला. फूल हवेत क्षणभर जास्त रेंगाळायचं आणि तेवढ्यात ते तिथे पोचलेले असायचे. मग ते शिकवायला लागले. “उगाच धावता कशाला? अंदाज घ्या, अंदाज,” असं स्वतःपेक्षा वीस वर्षांनी लहान माणसांना सांगायचे, आणि ती माणसं तोंडात मिठाची गुळणी धरल्यासारखी उभी राहायची. सगळ्यात जास्त ऐकावं लागलं ते तोफेला. त्याचा स्मॅश या फुलांवर निम्मा राहिला होता. मोजणीदार त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणायचे, “वय झालं रे तुझं. त्रेचाळीस म्हणजे काही कमी नाही.” तोफ ‘हो काका’ म्हणायचा आणि पाणी प्यायला जायचा. त्या पाण्याबरोबर तो काय काय गिळायचा ते आम्ही बघत होतो.

असं दोन वर्षं चाललं, आणि मग फळ्यावर सामन्याची नोटीस लागली. दरवर्षीचा सामना, जोडीचं वय मिळून किमान एकशे दहा. या हिशेबात म्हातारा माणूस म्हणजे घबाड. मोजणीदारांचे सदुसष्ट आणि तोफेचे त्रेचाळीस, बेरीज काठोकाठ. मोजणीदारांनी विचारायच्या आधीच खडू उचलून दोन्ही नावं लिहिली.

सामना यंदा त्यांच्या हॉलमध्ये, म्हणजे फुलं त्यांची. सरळ पिसांची, पूर्ण अंतर जाणारी. मामांना दोन गोष्टींची भीती होती आणि दोन्ही खऱ्या होण्यासारख्या होत्या. एकतर भाऊजी आपल्या परत आलेल्या खेळाच्या भरवशावर मागे धावतील आणि छातीवर हात ठेवून थांबायचीही उसंत मिळणार नाही. किंवा धावणार नाहीत, त्यांना सगळं कळेल, आणि रॅकेटची चेन पुन्हा शेवटपर्यंत ओढली जाईल. या खेपेला माळ्यावरून ती कोण काढणार?

दोन्ही हॉलची एक जुनी रीत आहे. यजमान हॉल दहा दिवस आधी आपल्या फुलांची एक नळी पाहुण्यांना पाठवतो, सवय व्हावी म्हणून. ती नळी आली. मामांच्या मनात ती दोन दिवस किटलीमागे लपवायची होती, पण मोजणीदार फळीवरची वस्तू शोधायला चष्मा लावत नाहीत. त्यांनी ती उघडली, खेळले आणि अर्ध्या तासात बाकावर येऊन बसले. डोक्यावरून एकामागून एक फुलं गेली होती.

मोजणीदार थोडा वेळ नळीकडे बघत राहिले. मग त्यांच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते आम्ही कुणीच धरलं नव्हतं. समाधान.

“फसवणूक आहे,” ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी रीतसर मोजणी केली. नियम त्यांना पाठ होता: मागच्या रेघेवर उभं राहून खालून पूर्ण जोरानं मारलेलं फूल पलीकडच्या मागच्या रेघेच्या अलीकडे साधारण अर्धा ते एक मीटर पडायला हवं. पण ऑपरेशननंतर आपला हात पूर्ण जोराचा राहिलेला नाही, हे त्यांनी प्रामाणिकपणे धरलं. म्हणून तुलना. आपल्या हॉलची बारा फुलं मारायची, सरासरी काढायची, तो पाया. मग त्यांची बारा. आकडेमोड वहीच्या दोन पानांवर, फरक नव्वद सेंटिमीटर. मग त्यांनी पुलापलीकडच्या हॉलला तक्रार लिहिली, नकाशासकट: आपली फुलं नियमापेक्षा वेगवान असून, असल्या फुलांवर वयस्कर खेळाडूंना खेळवणं खेळाच्या भावनेला धरून नाही.

रीत बरोबर होती, टेप बरोबर होती, गणितही चोख. फक्त ज्या दगडापासून मोजायला सुरुवात केली, तो दगडच कुणीतरी दोन वर्षांपूर्वी हलवून ठेवलेला होता. चाळीस वर्षं लोकांचे हललेले दगड शोधून काढणाऱ्या माणसाला हे सुचलं नाही, कारण तो दगड त्याच्या घरचा होता.

पत्र पोचवायचं काम मामांकडे आलं. मामांनी ते चार दिवस शर्टाच्या खिशात ठेवलं. शेवटी मोजणीदारांनीच फोन केला, आणि रविवारी सकाळी पुलापलीकडच्या हॉलच्या प्रमुख स्वतः हजर झाल्या. शाळेत तीस वर्षं पीटी शिकवलेल्या या बाईंना सगळे पीटीच्या बाई म्हणतात. पत्र त्यांनी मामांच्या खिशातून काढून तिथेच वाचलं, घडी केली आणि म्हणाल्या, “मोजू या की. आमचं चुकलं असेल तर आम्ही बदलू.” त्यांच्या आवाजात राग नव्हता, त्यामुळे पळवाटही नव्हती.

पूर्ण जोराचा हात म्हणजे तोफेचा. मोजणीदारांनी पलीकडच्या टोकाला खडूनं नियमाच्या दोन खुणा ओढल्या आणि टेप घेऊन उभे राहिले. हॉलमध्ये आम्ही एकोणीस सभासद, मामा आणि झाडूवाल्या बाई. मामा नेटच्या खांबापाशी उभे होते, आणि त्यांचा हात उगाचच खिशातल्या चिमट्याकडे जात होता.

तोफेनं आधी पुलापलीकडची तीन फुलं मारली. तिन्ही खुणांच्या आत पडली. एकसुद्धा इकडेतिकडे नाही.

मग आमचं. दात काढलेली नळी. तोफेनं मारलं ते फूल अलीकडच्या खुणेच्याही बरंच अलीकडे, पाऊलभर उडी मारून बसलं. तोफ म्हणाला हात घसरला. पुन्हा मारलं. तिथेच. तिसऱ्याला त्यानं असा जोर लावला की बूट करकरले, मानेची शीर फुगली. त्याला ते फूल कसंही करून पोचवायचंच होतं. फूल आपल्या जागेवर येऊन बसलं, जणू ती जागा त्याच्या नावावर आहे.

कुणी छताकडे बघत होतं, कुणी रॅकेटच्या जाळीतून. झाडूवाल्या बाई कोरडी फरशी पुसायला लागल्या.

मोजणीदारांनी टेप लावली, आकडा पाहिला आणि वाचून दाखवला नाही. टेप कर्रकन गुंडाळली. मग फूल उचलून ते खिडकीपाशी गेले, वाचायचा चष्मा चढवला आणि उजेडात ते फूल बोटांत सावकाश फिरवलं. आठ सरळ, आठ वळलेली. एक सोडून एक. सगळी वळणं एका रेषेत, केसाचा फरक नाही. ज्या हातानं केलेले दात घालून ते रोज जेवत होते, तो हात त्यांना ओळखता आला नसता तरच नवल.

“किती दिवस?” त्यांनी खिडकीकडेच बघत विचारलं.

मामा म्हणाले, “तुम्ही रॅकेट माळ्यावर टाकली होती ना, भाऊजी. त्यानंतर.”

“कोणाकोणाला माहीत आहे?”

तोफेनं हात वर केला, शाळेत करतात तसा. मग त्याच्या शेजारच्यानं. मग एकेक करत सगळे हात वर गेले. शेवटी झाडूवाल्या बाईंनीही फडकं खांद्यावर टाकून हात वर केला. पीटीच्या बाई म्हणाल्या, “मला आत्ता कळलं,” आणि सवयीनं त्यांचाही हात वर गेला.

आम्ही ओरडा खायची तयारी केली होती. या माणसानं एकदा जिन्याची पायरी अर्ध्या इंचानं चुकली म्हणून बांधकामवाल्याला रडवलं होतं. आणि इथे तर त्यांच्या हद्दीत, त्यांना न कळवता, दोन वर्षं मोजणी बदललेली. मोजणीदार बाकापाशी गेले, बसले. रॅकेटचं कव्हर जवळ ओढलं. मामांनी डोळे मिटले.

त्यांनी कव्हरच्या खिशातून पेन्सिल काढली आणि वही.

“आठवड्याला नळ्या किती?”

“तीन,” मामा म्हणाले.

“छत्तीस फुलं. फुलामागे आठ. आठवडे शंभर धरू.” पेन्सिल चालली. “अठ्ठावीस हजार आठशे.” ते आकड्याकडे बघत राहिले. “मेव्हणे, अठ्ठावीस हजार आठशे वेळा तू चिमटा धरलास?”

“सवय आहे हो. आणि पिसं ओय-ओय करत नाहीत.”

मोजणीदार हसले नाहीत. त्यांनी चष्मा काढला, पुसला, घातला, परत काढला. मग तोफेला जवळ बोलावलं. “आणि तुला मी म्हातारा म्हणत होतो.”

“खांदा वाचला ना काका माझा,” तोफ म्हणाला. “दोन वर्षं विश्रांती मिळाली.”

हे खोटं होतं. गेल्या वर्षी मोठ्या स्पर्धेत तो पहिल्याच फेरीत हरला, कारण त्याचा हात आमच्या फुलांच्या संथपणाला लागला होता. मोजणीदारांना ते माहीत होतं. पण इतकं नीटनेटकं खोटं मोडायचं नसतं, हेही त्यांना त्या सकाळी कळलं असावं. त्यांनी तोफेच्या मनगटावर हात ठेवला आणि बराच वेळ तसाच राहू दिला.

पीटीच्या बाईंनी तक्रारीचं पत्र त्यांच्यासमोर धरलं. त्यांनी ते घेतलं, माफी मागितली, उभं राहून. बाई म्हणाल्या, माफी राहू द्या, सामन्याच्या फुलांनाही मामांकडून चिमटे काढून घेऊ, आमच्यातही दोघांच्या छातीत जाळ्या बसवलेल्या आहेत. मोजणीदारांनी मान हलवली.

“तुमच्याकडे दोघांसाठी न्या. मामा देईल. पण सामना सरळ फुलांवर. जमीन आहे तेवढी आहे. तिच्यात मी कुठे उभं राहायचं, ते आता मी ठरवीन.”

“आणि ताईला मी काय सांगू?” मामा म्हणाले. भीतीनं त्यांचा आवाज पहिल्यांदाच चढला होता. “मागे धावलात आणि काही झालं, तर ती मला चिमट्यानं सोलून काढेल.”

मोजणीदार उठले, कोर्टात गेले आणि पुढच्या सर्व्हिसच्या रेघेमागे दोन पावलांवर खडूनं एक आडवी रेघ ओढली. “याच्या मागे मी जाणार नाही. मागचं सगळं तोफेचं. रेघ मी स्वतः ओढली आहे, मेव्हणे. माझी रेघ मी आजवर कधी ओलांडली आहे का?”

नव्हती ओलांडली. हे मात्र कुणालाही कबूल करावं लागलं असतं.

सामना ते हरले. दोन्ही गेम, एकवीस-सोळा आणि एकवीस-अठरा. पण नेटपाशी उभं राहून त्यांनी स्वतःच्या हातानं अकरा गुण काढले आणि एकदाही ती न दिसणारी रेघ ओलांडली नाही. एक फूल डोक्यावरून गेलं तेव्हा त्यांचा पाय उचलला होता. प्रेक्षकांत बसलेल्या ताईंनी नुसता घसा खाकरला. पाय खाली आला. आणि मागून तोफ, सरळ पिसांच्या फुलावर, दोन वर्षांनी, असा कडाडला की त्यांच्या हॉलमधल्या शेजारच्या कोर्टावरचे दोघं खाली वाकले. हरलेल्या जोडीतला एक माणूस इतका खूश दिसलेला मी तरी पाहिला नाही. कोणता, ते सांगणं कठीण.

त्या संध्याकाळी घरी काय बोलणं झालं ते मामांकडून कळलं, म्हणजे थोडं वाढवून कळलं असणार. ताईंनी विचारलं, “रागावलात?” त्यावर मोजणीदार म्हणाले, रागावायला मोजून पाहिलं, पण कुठून धरायचं ते सापडेना. आणि मग ते स्वयंपाकघरात गेले आणि दोघांसाठी चहा त्यांनी ठेवला. लग्नाला एक्केचाळीस वर्षं झाली होती. ताईंनी तो चहा, साखर विसरलेली असूनही, शेवटपर्यंत प्यायला.

आता आमच्याकडे आठवड्यातले दोन दिवस दातवाली फुलं आणि बाकी दिवस सरळ. सरळ दिवशी मोजणीदार आपल्या रेघेपुढे. संध्याकाळी ते मामांबरोबर चहाच्या खोलीत असतात. दहा मनात म्हणणं त्यांना मान्य नाही, घड्याळ लावतात. पहिल्या दिवशी मेव्हण्याशी वाद घालता घालता घड्याळाकडे बघायचं राहिलं आणि अख्खी नळी शिजली. ती बारा फुलं ‘देहदान’मध्ये गेली. मामांनी त्यावर एक अक्षर काढलं नाही. मोजणीदारांच्या मते ते बोलले असते तर बरं झालं असतं.

किटलीच्या वर, वाफ पोचणार नाही इतक्या उंचीवर, त्यांनी एक नकाशा लावला आहे. आमचं कोर्ट, मापात काढलेलं. दोन्ही टोकांना मागच्या रेघेपासून दोन हात आत एक तुटक रेघ, आणि तो पट्टा पेन्सिलीनं हलका रंगवलेला. खाली त्यांच्या सरकारी अक्षरात तपशील आहे. सोडलेलं क्षेत्र: दोन्ही बाजू मिळून अकरा चौरस मीटर. मुदत: दोन वर्षं. सोडून देणारे: सभासद एकोणीस, त्यांत एक स्मॅशसह. मोजणी बदलणारा: मेव्हणा एक. सांगणारी: पत्नी एक. लाभधारक: एक.

झाडूवाल्या बाईंनी तो नकाशा पहिल्याच दिवशी वाचला आणि तिथल्या तिथे हरकत घेतली. दोन वर्षं खाली पडलेली वळलेली पिसं रोज कोण झाडत होतं, आणि यांच्या पायात येऊन यांना शंका येऊ नये म्हणून ती आधीच कोण उचलत होतं? मोजणीदारांनी हरकत ऐकून घेतली, ती योग्य ठरवली, खोडरबर मागितलं आणि एकोणीसचे वीस केले.